अब्दुर्रहमान अल-सूफी आणि शिडातला धुरकट तारा

अब्दुर्रहमान अल-सूफींचा जन्म ९०३ सालचा, इराणातल्या रय शहरातला. बुवैही बादशाह अज़ुदुद्दौला यांचे ते तारकाविद्येतले उस्ताद. टॉलेमीची जुनी तारकासूची त्यांनी नुसती उतरवून घेतली नाही, ताऱ्यांचं तेज स्वतःच्या डोळ्यांनी तपासलं, चुका दाखवल्या. दुर्बीण तेव्हा नव्हतीच!

९६४ च्या सुमारास लिहिलेल्या 'सुवर अल-कवाकिब' या किताबात जहाजाच्या शिडातल्या, म्हणजे वेला समूहातल्या, एका धुरकट ताऱ्याची नोंद आहे. इराणातून तो क्षितिजालगतच दिसतो, धुळीत सहज हरवेल असा. तोच आजचा आयसी २३९१ तारकागुच्छ: सुमारे ५०० प्रकाशवर्षं दूर, वय जेमतेम पाच कोटी वर्षं, सूर्यापुढे तान्हं बाळ. लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने तो नोंदवला १७५२ मध्ये.

९८६ साली शिराझमध्ये त्यांचा इंतकाल झाला. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, पण लॅटिन वळणाचं, 'अझोफी'. हे आपले अल-सूफीच, असं मुलांना सांगावं लागतं.