डु बॉईस यांचा अर्ज आणि आमचा प्रश्न

जात हा देशाचा अंतर्गत मामला आहे, तो जगाच्या वेशीवर टांगू नका, असा उपदेश आम्हाला वारंवार केला जातो. २००१ साली डर्बन येथील वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीच्या चर्चेला विरोधच केला होता. अशा वेळी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांचे चरित्र आम्ही आठवले पाहिजे.

२३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने संपली होती, वर्णभेद जिवंत होता. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. एवढी विद्वत्ता त्यांनी समाजाच्या कामी लावली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या संस्थापकांत ते होते. १९१० पासून ‘द क्रायसिस’ मासिकातून त्यांनी जमावाकडून होणाऱ्या हत्या चव्हाट्यावर आणल्या. आमचा ‘मूकनायक’ निघाला तो १९२० साली. दोन्ही पत्रांचे दुखणे एकच होते.

१९४६ मध्ये कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांना वाऱ्यावर सोडले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या आणि अस्पृश्यही हाच मार्ग धरण्याच्या विचारात असल्याचे कळवले. डु बॉईस यांनी जुलैमध्ये सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन खंडांतील दोन पीडित समाजांचा हा संवाद होता. त्यात कोरडे सौजन्य नव्हते, लढ्याच्या साधनांची देवाणघेवाण होती.

ऑक्टोबर १९४७ मध्ये डु बॉईस यांच्या संपादनाखाली तयार झालेला दुसरा सविस्तर अर्ज राष्ट्रसंघाला सादर झाला. अमेरिकेला तो रुचला नाही आणि त्यावर चौकशी झाली नाही. पुढे १९५१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांच्यावर परकीय हस्तक म्हणून खटला भरला गेला. तो न्यायालयात टिकला नाही. पासपोर्टही काही वर्षे रोखला गेला. तरी ते नमले नाहीत. अखेर ते घानात स्थायिक झाले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या सुमारे अडीच लाख लोकांना ही वार्ता व्यासपीठावरून सांगण्यात आली.

२०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. आमची माणसे जेथे गेली तेथे जातही गेली. मग तिच्याविरुद्धची फिर्याद तेवढी देशाच्या सीमेवर का थांबावी? बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ही सीमा ओलांडली होती. ती वाट आम्ही बुजू देता कामा नये.