ग्रीक शिकवणाऱ्या बाईंची पीएच.डी.

धाकट्या भावाची मुलगी संस्कृत घेऊन बी.ए. झाली आणि आता म्हणते, पीएच.डी. करीन ती मानसशास्त्रातच. वहिनींना धसका बसलाय. इतकी वर्षं धातुरूपं घोकली ती कशासाठी, हा त्यांचा प्रश्न. निवाड्याला प्रकरण माझ्याकडे आलं. बत्तीस वर्षं बँकेत काढून कादंबऱ्या लिहिणारा माणूस रूळ बदलण्याविरुद्ध काय बोलणार? मी आपली मेरी व्हिटन कॅल्किन्सची हकिगत सांगितली.

जन्म १८६३, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. वडील धर्मोपदेशक. स्मिथ कॉलेजातून ती १८८५ साली ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि १८८७पासून बॉस्टनजवळच्या वेल्स्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवू लागली. तिथेच जन्म गेला असता. पण कॉलेजला मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचा होता आणि शिकवायला कोणी मिळेना. शिकवण्याची हातोटी पाहून तिलाच विचारलं. अट एकच, आधी वर्षभर तो विषय शिकून यायचं.

शिकायचं कुठे? हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स होते, पण तिथे बायकांना प्रवेश नव्हता. वडिलांनी अर्ज केला, कॉलेजनं रदबदली केली, तेव्हा १८९०च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली. ती वर्गात बसण्यापुरती; विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नव्हतं. जेम्स यांच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी लवकरच गळाले. मग शेकोटीच्या एका बाजूला जेम्स, दुसऱ्या बाजूला ही, आणि मध्ये जेम्स यांचा नुकताच छापून आलेला ग्रंथ. अशी शिकवणी लाखात एखाद्याला लाभते! प्रयोगाचं तंत्र तिनं क्लार्क विद्यापीठातल्या एडमंड सॅनफर्ड यांच्याकडून घेतलं. रात्री वेगवेगळ्या वेळांचे गजर लावून उठायचं आणि पडलेलं स्वप्न तिथल्या तिथे लिहून काढायचं, असाही उद्योग दोघांनी आपापल्या घरी केला. १८९१ साली तिनं वेल्स्लीत प्रयोगशाळा उभी केली.

पुढे हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली तिनं प्रबंधाचं काम केलं. रंगाचा एक तुकडा दाखवायचा, लगेच एक आकडा. अशा जोड्या ओळीनं दाखवून मग नुसता रंग दाखवायचा आणि आकडा विचारायचा. नजरेत भरणारा आकडा लक्षात राहतो, शेवटी दाखवलेलाही राहतो. पण सगळ्यांत पक्का बसतो तो त्या रंगाबरोबर पुनःपुन्हा आलेला. पाढे घोकून घेणाऱ्या आमच्या गुरुजींना हे ऐकून बरं वाटलं असतं.

म्युन्स्टरबर्ग यांनी, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत ही सरस आहे, असं विद्यापीठाला लेखी कळवलं. १८९५ साली जेम्स यांच्यासह प्राध्यापकांनी तिची रीतसर परीक्षा घेतली आणि पीएच.डी.च्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्याचा अहवाल दिला. हार्वर्डनं अहवाल ठेवून घेतला, पदवी दिली नाही. कागद सगळे बरोबर, फक्त नियमात बसत नाही! हे वाक्य मी स्वतः काउंटरमागून किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

१९०२ साली रॅडक्लिफ या हार्वर्डशी जोडलेल्या मुलींच्या कॉलेजनं तिच्यासह चौघींना पदवी देऊ केली. बाकी तिघींनी घेतली. हिनं नाकारली, काम हार्वर्डात केलं, तर पदवी दुसऱ्या संस्थेची का घ्यायची? माझ्याकडे सल्ल्याला आली असती तर मी, पदरात पडतंय ते घे बाई, असंच सांगितलं असतं. १९०५ साली ती अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची अध्यक्ष झाली, पहिली स्त्री अध्यक्ष. १९१८ साली तत्त्वज्ञांच्या संघटनेनंही तिला तोच मान दिला. १९२७ साली हार्वर्डच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी तिच्या पदवीसाठी अर्ज केला, तोही फेटाळला गेला. १९२९ साली ती वेल्स्लीतून निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वारली.

वहिनी ऐकून घेऊन काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. पुतणीनं सध्या संख्याशास्त्राचा वर्ग लावलाय. परवा रंगीत कागदांचे तुकडे आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आली, म्हणाली, काका, बसा समोर. बारा जोड्यांपैकी माझ्या तीन बरोबर आल्या. वहिनींच्या सात.