वंशसंहाराविरुद्ध एकट्याने झगडलेला कायदेपंडित : राफाएल लेमकिन

राफाएल लेमकिन हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही ते उशिराच कळले. वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात ते सापडले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पुस्तक वाचीत होतो. तेव्हापासून हा माणूस मनातून गेला नाही, म्हणून विहाराच्या स्मरणिकेसाठी त्याच्यावरच लिहावे असे ठरवले.

लेमकिन यांचा जन्म २४ जून १९०० रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. गाव होते व्होल्कोविस्क शहराजवळचे. तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते, आज तो भाग बेलारूस देशात येतो. वडील खंडाने शेती करीत. ज्यू माणसाला जमीन घ्यायला, कुठे राहायला, जागोजाग बंदी होती. आपल्याला हे काही नवीन नाही. आई मात्र खूप वाचणारी, तिने मुलांना घरीच शिकवले. रोमच्या नीरो राजाने ख्रिस्ती लोकांचे कसे हाल केले, ते लेमकिन यांनी लहानपणीच एका कादंबरीत वाचले होते. ते जवळजवळ सहा वर्षांचे होते तेव्हा जवळच्या ब्यालिस्तोक शहरात ज्यूंची कत्तल झाली. म्हणजे पुस्तकातले आणि दारातले एकच निघाले.

पुढे लव्हूव विद्यापीठात कायदा शिकत असताना एक खटला गाजला. १९१५ साली तुर्कस्तानात लाखो आर्मेनियन लोक मारले गेले होते. त्यामागे ज्याचा हात होता तो तलात पाशा १९२१ मध्ये बर्लिनमध्ये उजळ माथ्याने फिरत होता. एका आर्मेनियन तरुणाने त्याला गोळी घातली आणि त्या तरुणावर खटला भरला गेला. लेमकिन यांनी प्राध्यापकाला विचारले, एका माणसाला मारले तर गुन्हा, मग लाखोंना मारणाऱ्यावर खटला का नाही? उत्तर असे मिळाले की शेतकऱ्याने आपल्या कोंबड्या मारल्या तर शेजाऱ्याला त्यात बोलता येत नाही, राज्यांचेही तसेच. आता बघा, माणसं म्हणजे कोंबड्या! या उत्तराने पोराचे आयुष्य ठरले.

ते वॉर्सात सरकारी वकील झाले. १९३३ साली माद्रिदच्या कायदेविषयक परिषदेसाठी त्यांनी निबंध लिहिला. एखादा समाज संपवायला निघणे हा सगळ्या जगाविरुद्धचा गुन्हा धरावा, तो करणाऱ्याला कुठल्याही देशात पकडता यावे, अशी त्यांची मागणी होती. सरकारने त्यांना परिषदेला जाऊच दिले नाही. पुढच्या वर्षी नोकरीही गेली. तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्षच झाले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. लेमकिन जंगलातून, पायी, लपतछपत गावी आले. आईबापांना चला म्हणाले, पण म्हातारी माणसं घर सोडायला तयार होईनात. तीच शेवटची भेट. मग लिथुआनिया, स्वीडन, रशिया, जपान असा अर्ध्या जगाचा फेरा मारून १९४१ मध्ये ते अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोचले. स्वीडनमध्ये असताना त्यांनी एक काम केले होते. जिंकलेल्या मुलखात जर्मन काढीत होते ते हुकूम त्यांनी जमवले. कुणाला किती रेशन, कुणी कुणाशी लग्न करायचे नाही, कुणाची मालमत्ता जप्त, हे सगळे सरकारी छापील कागद होते. ते एकापुढे एक मांडले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की कत्तल बंदुकीने सुरू होत नाही, आधी हुकूम निघतो.

त्यावरच त्यांचे मोठे पुस्तक १९४४ साली निघाले. त्यात एक नवा शब्द होता : जेनोसाईड. ग्रीक भाषेतला वंश आणि लॅटिनमधले मारणे, दोन्ही जोडून केलेला. आपण वंशसंहार म्हणतो. कुणी म्हणेल, शब्दाने काय होते? गिरणीत असताना आमच्या कार्डिंग खात्यात माणसं वर्षानुवर्षे खोकत. पण छातीत भरलेल्या कापसाच्या धुळीला कागदावर रोगाचे नाव मिळेपर्यंत नुकसानभरपाईची गोष्टच निघत नव्हती. नाव नसेल तर दाद मागायची कशाची?

न्युरेंबर्गच्या खटल्यात, १९४५ साली, हा शब्द आरोपपत्रात आला, पण निकालपत्रात आला नाही. त्याच काळात लेमकिन यांना कळले की आईबापांसह त्यांचे ४९ नातलग मारले गेले. भाऊ आणि त्याचे कुटुंब तेवढे वाचले.

मग ते युनोच्या मागे लागले. पद नाही, पगार नाही. फाटकी बॅग घेऊन एकेका प्रतिनिधीला गाठायचे. १९४६ मध्ये क्यूबा, पनामा आणि भारत या तीन देशांनी ठराव मांडला. भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या, ज्या पुढे आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ११ डिसेंबरला ठराव मंजूर झाला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये करारही झाला. मानवी हक्कांचा जाहीरनामा आला तो दुसऱ्या दिवशी. एखाद्या समाजाची भाषा, ग्रंथ, संस्कृती नष्ट करणे हाही वंशसंहार, असे लेमकिन यांचे म्हणणे होते. ते कलम मोठ्या देशांनी गाळले.

एका बाबतीत मात्र मला लेमकिन पटत नाहीत. १९५१ मध्ये पॉल रॉबसन आदी अमेरिकन निग्रो पुढाऱ्यांनी आपल्यावरचे अत्याचार म्हणजे वंशसंहार आहे असा अर्ज युनोकडे दिला. लेमकिन यांनी त्याला विरोध केला. अमेरिकेने करारावर शिक्कामोर्तब करावे म्हणून ते झटत होते, तिथले गोरे पुढारी बिथरतील अशी त्यांना भीती असावी. त्या अर्जावर डू बॉय यांचीही सही होती. युनोकडे जाण्याच्या अशाच एका आधीच्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच डू बॉय यांच्याकडे मागितली होती. लेमकिन यांनी इतके करूनही अमेरिकेने करार मानला तो १९८८ साली!

शेवटची वर्षे न्यूयॉर्कमध्ये एका लहानशा जागेत, कर्जात गेली. लग्न केले नाही. नोबेलसाठी नाव अनेकदा गेले, मिळाले नाही. २८ ऑगस्ट १९५९ रोजी हृदयविकाराने ते गेले. अंत्ययात्रेला मोजकीच माणसं होती. त्यांच्या कायद्याखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालून पहिल्यांदा दोषी ठरवले गेले ते १९९८ मध्ये, रवांडातल्या कत्तलीबद्दल एका गावच्या नगराध्यक्षाला.

भारताने या करारावर शिक्कामोर्तब केले ती तारीख २७ ऑगस्ट १९५९, म्हणजे लेमकिन गेले त्याच्या आदल्या दिवशीची. त्यांना ती बातमी कळली असेल असे वाटत नाही. पण करार मान्य करून आपण थांबलो. १९८४ च्या शीख हत्याकांडातल्या एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाला २०१८ साली नमूद करावे लागले की वंशसंहार हा गुन्हा आपल्या देशाच्या कायद्यात अजून आलेलाच नाही.