बॅरी गोल्डवॉटर
बॅरी मॉरिस गोल्डवॉटर (इ.स. १९०९, फीनिक्स - २९ मे, इ.स. १९९८) हे अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे पुराणमतवादी राजकारणी होते. ते इ.स. १९५३ ते १९६५ आणि १९६९ ते १९८७ या काळात ॲरिझोना राज्याचे सेनेटर होते.

संघीय सरकारने राज्यघटनेतील मर्यादेबाहेर जाऊ नये, ही त्यांची मूळ भूमिका होती. इ.स. १९५७ मध्ये त्यांनी स्वपक्षाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या अंदाजपत्रकातील वाढत्या खर्चावर टीका केली. बंदुकांवरील निर्बंधांनी गुन्हेगारांना आळा बसत नाही, असे त्यांचे मत होते. याच भूमिकेतून त्यांनी इ.स. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मतदान केले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांनी त्यांचा मोठा पराभव केला. गोल्डवॉटर यांनी जिंकलेल्या ६ राज्यांपैकी ५ राज्ये वर्णविभाजनाचे समर्थन प्रबळ असलेल्या दक्षिणेतील होती.

खर्चकपातीचा आग्रह धरूनही त्यांनी कोलोरॅडो नदीचे पाणी ॲरिझोनात आणणाऱ्या संघीय प्रकल्पाला पाठिंबा दिला. संरक्षणावरील खर्चाचेही ते समर्थक होते.

इ.स. १९६४ मध्ये त्यांचा प्रचार करणारे रॉनल्ड रेगन इ.स. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. रेगन यांनी इ.स. १९८६ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने इ.स. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातील काही निर्बंध शिथिल झाले. सरकारी कर्ज मात्र त्यांच्या कारकिर्दीत दुपटीहून अधिक वाढले.