शेख झायेद यांची बैठक

'बैठका' हा शब्द आपल्या मॉरिशसच्या घराघरांत ठाऊक आहे. अरबांच्या 'मजलिस'चा अर्थही तोच, बसायची जागा. संयुक्त अरब अमिरातीचे पहिले राष्ट्रपती शेख झायेद (१९१८–२००४) यांचे जीवन आम्हांला ह्या जागेवरूनच समजते.

१९४६ साली ते अल ऐनचे कारभारी झाले. किल्ल्याबाहेर झाडाखाली बसून ते लोकांची उंटांची, पाण्याची भांडणे ऐकत. पाणी 'फलज' नावाच्या भुयारी पाटांतून येई, पण त्यावर धनिकांचा ताबा. शेखांनी जुने पाट साफ करविले, सारूजचा नवा पाट खणविला आणि पाणी सर्वांना मोफत केले. हे काम आम्हांला पुढच्या उंच इमारतींहून मोठे वाटते. तेव्हा तेलाचा पैसा कुठे होता!

१९६६ साली ते अबू धाबीचे शासक झाले. १९७१ मध्ये सहा अमिराती एक झाल्या, सातवी पुढल्या वर्षी आली. १९७२ साली ४० सभासदांची राष्ट्रीय परिषद भरली. सभासद नेमलेले, अधिकार सल्ल्यापुरता. निम्म्या जागांसाठी पहिले मतदान झाले ते २००६ साली, शेखांच्या निधनानंतर, आणि तेही निवडक नागरिकांचे. मजलिसमध्ये गाऱ्हाणे कोणीही मांडी. निर्णय मात्र शेखांचा असे.