तीन वर्षांची शिष्यवृत्ती, चौदा वर्षांची वाटचाल : डॉ. आंबेडकरांचे परदेशातील शिक्षण

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाच्या शिक्षण खात्यात एका बावीस वर्षांच्या तरुणाने करारपत्रावर सही केली. संस्थान त्याला अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार होते आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याने दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. या करारातील मुदतीचा आणि पैशांचा हिशेब पुढील अनेक वर्षे त्यांचा पाठलाग करणार होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. सैन्यात सुभेदार असलेल्या रामजींनी मुलाच्या शिक्षणासाठी हालअपेष्टा सोसल्या. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना दरमहा पंचवीस रुपये दिले होते. पदवी घेऊन ते बडोद्यात नोकरीला लागले, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. घराची जबाबदारी अंगावर आली असतानाच महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला एक-दोन ठिकाणी राहून पाहिल्यावर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे ऐन अडचणीच्या वेळी उपयोगी पडली.

कोलंबियातील त्यांच्या अभ्यासाची व्याप्ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. पदवीला आवश्यक तेवढेच विषय घेऊन मोकळे होण्याचा मार्ग त्यांना खुला होता. मात्र त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक धडेही गिरविले. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. शिष्यवृत्तीच्या मोजक्या पैशांतून काही रक्कम ते मुंबईला पत्नी रमाबाईंकडे पाठवीत. उरलेल्या पैशांत जेवणखाण आणि जुनी पुस्तके असा त्यांचा खर्च होता, आणि त्यात पुस्तकांना झुकते माप असे.

१९१५ मध्ये त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंधही तयार झाला. तथापि कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पीएच. डी. प्रत्यक्ष प्रदान होत नसे. छपाईसाठी पैसा हवा होता, आणि शिष्यवृत्तीची तीन वर्षे तर संपली होती.

बाबासाहेबांना लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास करायचे होते. त्यांनी मुदतवाढीची विनंती केली आणि महाराजांनी एक वर्ष वाढवून दिले. सेलिग्मन यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला आले आणि १९१६ च्या हिवाळ्यापूर्वीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदविले. अर्थशास्त्राच्या संस्थेतील अभ्यासक्रमाची फी साडेदहा पौंड होती, म्हणजे शिष्यवृत्तीच्या एका महिन्याच्या रकमेहून थोडी कमी. अडचण फीपेक्षा लंडनमध्ये राहण्याच्या खर्चाची आणि हाती उरलेल्या दिवसांची होती.

१९१७ च्या उन्हाळ्यात वाढीव वर्षही संपले आणि बडोद्याहून परत येण्याची सूचना आली. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन निघालेली बोट पाणतीराच्या माऱ्याने समुद्रात बुडाली. स्वतः बाबासाहेब दुसऱ्या बोटीने आले, म्हणून वाचले.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. महाराजांच्या लष्करी सचिवाचे पद मिळाले, परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबून फेकीत. गावात अस्पृश्याला जागा द्यायला कोणी तयार नव्हते. पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव लावून आसरा घेतला. पण काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या विद्यापीठांत मानाने वावरलेल्या या विद्वानाने ती संध्याकाळ बडोद्याच्या एका बागेत अश्रू ढाळीत काढली. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अशा रीतीने दोन आठवड्यांच्या आत निष्फळ ठरला. करार कोणी मोडला, हा प्रश्न येथे विचारल्यावाचून राहवत नाही.

मुंबईत काही काळ शिकवण्या वगैरे कामे केल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये होता. लंडनच्या चार वर्षांतील एक वर्ष एव्हाना सरले होते. घरखर्च काटकसरीने चालवून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये, मुदत संपायला सव्वा वर्ष उरले असताना, ते पुन्हा लंडनला निघाले. जानेवारीत सुरू केलेले 'मूकनायक' हे पाक्षिक त्यांना सहकाऱ्यांच्या हाती सोपवावे लागले.

लंडनमधील हे दिवस अतिशय हलाखीचे होते. सकाळी पावाचा तुकडा आणि पेलाभर पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि दार बंद होईपर्यंत वाचीत. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका भारतीयाने दिलेल्या पापडांतील चार पापड भाजायचे आणि कपभर दूध प्यायचे, हेच जेवण. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये ठरावीक भोजनांना हजर राहण्याचा नियम होता, तोही पाळायचा होता. या काळातील त्यांचे एक निवासस्थान, १० किंग हेन्रीज रोड, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक उभारले.

जून १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी जर्मन भाषेत अर्ज करून त्यांनी बॉन विद्यापीठातही प्रवेश मिळविला होता, पण लंडनच्या कामामुळे तेथील अभ्यास पुढे जाऊ शकला नाही. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी हा प्रबंध आहे त्या स्वरूपात मान्य करण्यास नकार दिला. ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावरील टीका झोंबल्यामुळे असे घडले, असे चरित्रकार सांगतात. फेरलेखनासाठी लंडनमध्ये थांबण्याइतके पैसे नव्हते. बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला परतले, घरी बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये परत पाठविला. मूळचे निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने हा ग्रंथ छापला. रुपयाच्या विनिमय दराच्या प्रश्नावर कॅनन यांचे मत वेगळे होते, तरी त्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली.

कोलंबियाची पदवी मात्र अद्याप बाकी होती. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती आणि ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केलेला होता. छापील प्रती न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच. डी. रीतसर प्रदान झाली. त्या वेळी बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन अडीच महिने झाले होते.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला एक निवेदन दिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठविण्यासाठी दरवर्षी एक लाख रुपयांची तरतूद करावी, ही त्यातील एक मागणी होती. १९४४ पासून केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला.