गावाच्या वर्गणीचं पदक : खाशाबा जाधव

शेतकरी बांधवांनो, यात्रेत कुस्त्यांचा फड लागला की आपली नजर पहिल्यांदा धिप्पाड गड्यावर जाते. ताकद म्हणजे अंगानं मोठा, अशी आपली समजूत. पण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पैलवान फक्त सत्तावन्न किलो वजनी गटातला होता. क्विंटलभराच्या पोत्याच्या निम्म्याहून थोडं जास्त म्हणा ना! त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

कऱ्हाडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. घर शेतकऱ्याचं, वडील स्वतः पैलवान, पाच भावांत हे सगळ्यात धाकटे. मातीचं वेड घरातच होतं. शाळा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात, पुढं कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारही पुढं ज्या कोल्हापूरच्या मातीत घडले, तीच ही माती.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. पण तिथं माती नव्हती, मॅट होती, अन् नियमही निराळे. तरीसुद्धा त्यांनी सहावा नंबर काढला. परत आल्यावर रडत बसले नाहीत, दुप्पट मेहनतीला लागले.

१९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा अडचण पैशाची होती. खाशाबांनी गावोगाव हिंडून वर्गणी मागितली. लोकांनी जमेल तेवढं दिलं. तरी भागेना, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! पोरगं हरलं असतं तर घर जाण्याची पाळी होती. विचार करा, आपल्यातले किती जण असं धाडस करतील?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको अन् जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली अन् ती हातची गेली. लगेच पुढच्या कुस्तीला उभं राहायचा हुकूम झाला. मधे विसावा मिळायला हवा होता, नियमच तसा होता. पण ते ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला गडी सोव्हिएत मल्लाकडून हरला. कांस्यपदक मिळालं, तारीख २३ जुलै १९५२. सोन्याचं पदक त्याच इशीनं नेलं.

कऱ्हाडला मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची. पण खरा मोठेपणा पुढंच आहे. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले अन् मिळालेल्या पैशातून गुरुजींचं घर सोडवून दिलं. ज्यानं आपल्यासाठी घर पणाला लावलं, त्याचं ऋण अंगातल्या बळानं फेडलं. आम्ही तर म्हणू, पदकापेक्षाही ही कुस्ती मोठी.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढत्या फार उशिरा मिळाल्या. सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, तोही मरणोत्तर. देशाला दुसरं वैयक्तिक पदक लिअँडर पेसनं १९९६ साली मिळवून दिलं, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी!

तलाठीभाऊ, ग्रामसेवक, सरपंच मंडळी, ही गोष्ट तुमच्यासाठीही आहे. खाशाबांचं बळ कमी पडलं नाही. हेलसिंकीत अन् नंतर पेन्शनच्या कागदात, वेळेवर त्यांच्या बाजूनं उभा राहणारा माणूस कमी पडला. उद्या तुमच्या गावचं एखादं पोरगं जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडलं गेलं अन् दाखल्यासाठी दारात आलं, तर त्याला उद्या ये म्हणू नका. दाखला त्याच दिवशी द्या, जमलं तर सोबत जा. अन् शेतकरी बांधवांनो, खुराकाला तुमच्या गोठ्यातलं लिटरभर दूध द्या. गावाची वर्गणी वाया जात नाही, हे गोळेश्वरच्या पोरानं दाखवून दिलंय.